भीमरावांचे आईबाप

एके काळी कसबा पेठेत नवं दुकान निघालं, की दारावरची पाटी बहुधा भीमरावांच्या हातची असायची. वाशिमकडच्या खेड्यातून अठराव्या वर्षी ते कारखान्यात काम शोधायला पुण्यात आले, एका पेंटरच्या हाताखाली लागले आणि तिथेच रमले. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीचे फलक, सिनेमाची पोस्टरं! पुढाऱ्यांचे आणि नट्यांचे चेहरे तर ते गप्पा मारता मारता उभे करत. मग फ्लेक्स आला, काम आटलं, आणि ब्रश गुंडाळून ठेवून त्यांनी एका सोसायटीत रखवालदारी धरली. कुणापाशी रडगाणं गायलं नाही.

साठी उलटल्यावर ती नोकरीही सुटली. मुलगी कल्याणी म्हणाली, "बाबा, जन्मभर गिऱ्हाइकांसाठी काढलंत. आता स्वतःसाठी काढा."

काय काढायचं, याचा भीमरावांना विचार करावा लागला नाही. त्यांचे आईबाप दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत राबले आणि भीमराव शाळेत असतानाच पाठोपाठ गेले. दोघांचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता.

भीमरावांनी मोठा कॅनव्हास आणला आणि हात सैल सोडला. आई झरझर उभी राहिली. गोरे गाल, टपोरे डोळे.

चहा घेऊन आलेल्या सुंदराबाई नवऱ्याच्या पाठीमागे थबकल्या. "या सासूबाई नाहीत. ही साबणाची जाहिरात आहे."

"तू पाहिलं होतंस का माझ्या आईला?" भीमराव उखडले.

"नाही पाहिलं. पण ही बाई काही उन्हात गेलेली नाही, एवढं कळतं मला."

चहा निवून गेला. भीमरावांनी रंग खरवडून काढला. दुसऱ्यांदा काढली, तीही नटीच निघाली. चेहरे देखणे करायची हाताला इतकी सवय लागली होती, की सख्खी आईही त्यातून सुटेना.

मग एका सकाळी वही-पेन्सिल घेऊन त्यांनी लोणी काळभोरची बस पकडली. गावाबाहेर एक जोडपं कांदा काढत होतं. भीमराव बांधावर बसले आणि रेघा ओढू लागले.

थोड्या वेळानं ती बाई कंबर सरळ करत ओरडली, "काय लिवताय वो? रस्ता जानार हाय का आमच्या रानातून?"

"नाही हो बाई, मी पेंटर आहे. तुम्हा दोघांना काढतोय."

"आमाला?" ती नवऱ्याकडे वळली. "आवो, ऐकलं का? टोपी नीट घाला!"

नवरा, वैजनाथ त्याचं नाव, खो खो हसला. त्यांनी भीमरावांना भाकरीला बसवूनच घेतलं. ती बाई, द्वारका, उन्हाकडे तोंड करून बोलत होती. डोळे अगदी बारीक, कडेला सुरकुत्यांचं जाळं. भीमरावांचा घास हातातच राहिला. आईचे डोळे असेच होते! ती कायम उन्हात असायची, डोळे बारीक करूनच लेकराकडे बघायची. टपोरे डोळे तिचे कधी नव्हतेच.

घरी येऊन त्यांनी नवा कॅनव्हास लावला. लहानपणी त्यांनी एक गोष्ट रोज पाहिली होती. मालकाचा माणूस आईबापांच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतायचा, शिवू नये म्हणून. चित्रात त्यांनी त्या माणसाला जागाच दिली नाही. भर दुपारचं कापसाचं रान, बाप स्वतःच्या मडक्यातून पाणी ओततोय, आई ओंजळीनं पितेय आणि बापाचा दुसरा हात तिच्या हातांखाली आहे. पायांच्या भेगा, विटलेलं लुगडं, रापलेली कातडी, सगळं होतं तसं.

सुंदराबाईंनी चित्र पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला.

कल्याणीनं ते सदाशिव पेठेतल्या एका मोठ्या प्रदर्शनाला पाठवलं. नुसतं निवडलं गेलं नाही, पहिलं आलं. बक्षीस समारंभाला तिनं गावाहून आत्यालाही आणलं. भीमरावांच्या थोरल्या बहिणीला, ऐंशीच्या मथुराबाईंना. चित्र कशाचं आहे, ते मुद्दामच सांगितलं नव्हतं.

मथुराबाई काठी टेकत हॉलमध्ये शिरल्या आणि चित्रासमोर येऊन थांबल्या. भीमराव त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. परीक्षकांना काय वाटलं ते ठीक, पण खरा निकाल आता लागायचा होता.

"अरे बाप्पा!" मथुराबाईंचा आवाज सगळ्या हॉलभर गेला. "हे त आपली माय हाय! अन् बा पाह्य ना कसा पाणी पाजून राह्यला तिले! भीम्या, तुले आठवली रे माय!"

माणसं गोळा झाली. परीक्षक बाई स्वतः खुर्ची घेऊन आल्या. "बसा ना आजी."

"बसू काहून?" मथुराबाई ताठ उभ्या राहिल्या. "माय-बा उभे हायेत ना!"

माइकवरून नाव पुकारलं गेलं, "चित्रकार भीमराव." जन्मभर नुसते 'पेंटर' म्हणवले गेलेले भीमराव ते ऐकून इतके मोठ्यानं हसले, की टाळ्या वाजवणारेही क्षणभर थांबले आणि मग दुप्पट जोरानं वाजवू लागले.