बावीस बालवाड्या, एकोणीस ज्वालामुखी

संस्थेच्या बावीस बालवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाईंनी तिथल्या शिक्षिकांना साधंसं पत्र पाठवलं होतं. मुलांबरोबर स्वतः करून पाहिलेला विज्ञानाचा एक खेळ लिहून पाठवा, सोबत मुलांना वाचून दाखवता येतील अशी पुस्तकं. खाली एक चौकट होती : ‘मुलांनी काय विचारलं?’

उत्तरं आली आणि बाईंनी कपाळाला हात लावला. एकोणीस जणींनी ज्वालामुखी पाठवला होता. मातीचा डोंगर, पोटात सोडा, वरून व्हिनेगर, लाल फेस. चौकटीत सगळ्यांचं एकच वाक्य : ‘मुलांना खूप आनंद झाला.’

पुस्तकांनी तर कहर केला. दहावीची गाइडं, स्पर्धा परीक्षांचे संच आणि पंपदुरुस्तीवरचा एक जाडजूड ग्रंथ, त्यावर ‘छोट्या दोस्तांना सप्रेम’ असं लिहिलेलं. तीन-चार वर्षांच्या मुलांना चालतील अशी त्या ढिगात चार पुस्तकं निघाली.

कार्यालयाशेजारची रिकामी खोली मुलांच्या विज्ञानासाठी मिळावी म्हणून बाई दोन वर्षं सचिवांच्या मागे लागल्या होत्या. सचिव शेवटी म्हणाले होते, “शनिवारपर्यंत वीस खेळांची फाइल द्या. नाहीतर तिथे झेरॉक्स मशीन बसतंय.”

बाईंची नणंद त्या एकोणिसांतलीच. बाईंनी तिला फोन लावला.

“ज्वालामुखी खरंच केलास?”

“म्हणजे काय वहिनी! पालकसभेला केला.”

“व्हिनेगर ओतलं कुणी?”

“मीच. मुलांच्या हातात देऊ होय?”

“आणि मुलं?”

“बसली होती की, तोंडावर बोट ठेवून.”

“मग ती विचारणार काय, डोंबल?”

“तू पण ना! अहवालात सगळ्याच तसं लिहितात. आनंद झाला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.”

बाईंनी फोन आपटला. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच वर्गावर्गांत जाऊन बसल्या. खुर्च्या वीतभर उंचीच्या. गुडघे हनुवटीला टेकत होते. हात धुण्याच्या टबात मुलं झाकणं, खडू, पेन्सिली टाकून काय बुडतं ते बघत होती. एका मुलीने उन्हात ठेवलेल्या ओल्या बुटात हात घालून विचारलं, “पाणी कुठून बाहेर पडलं? भोक तर नाहीये.” वर्गाच्या बाई म्हणाल्या, “बूट जागेवर ठेव आधी.” बाईंनी तो प्रश्न जसाच्या तसा उतरवून घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी हिशेब लागला : सहा खेळ स्वतः पाहिलेले, तीन पत्रातून आलेले खरे. नऊ.

नणंद फोनवर म्हणाली, “टाक की अकरा ज्वालामुखी! कोण बघतंय?”

“न केलेलं केलं म्हणून लिहू?”

“मग खोली सोड.”

बाईंनी चरफडत अकरा कोरे कागद ओढले, एकेकीला फोनवर खरं काय झालं ते विचारत अकरा बालवाड्यांचे अकरा ज्वालामुखी उतरवले आणि प्रत्येकाच्या चौकटीत लिहिलं : ‘वर्गाच्या बाईंनी केला. मुलांना हात लावू दिला नाही. प्रश्न नाहीत.’

शनिवारी सचिवांनी अंगठा ओला करून पानं मोजली. वीस भरली. मधलंच एक पान उघडून ते म्हणाले, “वा, ज्वालामुखी! छान, छान.” चौकटीकडे त्यांची नजर गेली नाही. किल्ली मिळाली. बाईंना याचा जितका आनंद झाला, तितकाच संतापही आला.

खोलीत सगळ्या फळ्या मोठ्यांच्या छातीच्या उंचीवर ठोकलेल्या होत्या.

“मुद्दामच वर घेतल्यात,” सचिव म्हणाले. “पोरांचे हात पुस्तकांना लागले तर फाटतील.”

“फाटू देत,” बाई म्हणाल्या, आणि ती चार पुस्तकं त्यांनी भिंतीला टेकवून जमिनीवर मांडली. “सोमवारी सुताराला पाठवा. फळ्या गुडघ्याएवढ्या हव्यात. माझ्या नाही, त्यांच्या.”