पुसलेली फक्की

गयाबाई माझ्याशी बोलताना माझ्या पायांकडे बघायची. लोकांना तो मान वाटे. मला ठाऊक होतं, ती माझे बूट बघते.

जिंतूर तालुक्यातल्या तिच्या डोंगरकडेच्या गावात मी पाणलोटाच्या कामावर होतो. बौद्धवाड्याची पिण्याची विहीर डोंगराच्या पायथ्याशी. शिवारफेरीत मीच गावाला शिकवलं, काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं. आधी वर चर, मग खाली बंधारा. शिमग्याच्या सुमारास विहिरीवरच्या उतारावर चरांसाठी फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. गयाबाई एकेका रेघेवरून चालली. म्हणाली, "साहेब, आता आमची हीर मरत न्हाई."

दुसऱ्याच दिवशी गावचे बडे बागायतदार दत्तराव यांनी मला गाठलं. त्यांना आपल्या मोसंबीच्या बागेलगत बंधारा आधी हवा होता. "डोंगर कुठं पळून जायलाय?" एवढंच म्हणाले. मी बुटानं रेघा पुसल्या. वर शेळ्या घेऊन उभी असलेली गयाबाई बघत होती.

सगळा निधी बंधाऱ्यात गेला, चर राहिले. पहिल्याच मोठ्या पावसात बोडक्या डोंगराची माती विहिरीत उतरली. बौद्धवाड्यातल्या बाया दत्तरावांच्या विहिरीवर जाऊ लागल्या. त्यांच्या गड्याची मर्जी असेल तर घागर भरायची. गयाबाई गेली नाही. ती कुदळ घेऊन डोंगरावर गेली. पुसलेल्या रेघा तिला पाठ होत्या. "त्याला पाणी मागायला लावीन, तवाच मरीन," म्हणायची. हळूहळू बाया तिच्यामागे गेल्या. तीन उन्हाळे चर खोदले, विहिरीतला गाळ उपसला.

विहिरीला पाणी आलं. दत्तरावांचा बंधारा मात्र गाळानं भरला आणि एका वैशाखात त्यांची विहीर आटली. ते घागर घेऊन आले तेव्हा मी गावातच होतो. गयाबाईनं त्यांना रांगेच्या शेवटी उभं केलं आणि मला बोलावून घेतलं.

"मालक, पाणी देते. पर आधी साहेब सांगतील, फक्की कुणी पुसली."

दत्तराव माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "पावसानं."

"अगं बाई, शिमग्यात पाऊस!" बाया फिदीफिदी हसल्या.

गयाबाई हसली नाही. दत्तरावांची घागर तिनं भरू दिली. मग म्हणाली, "साहेबालाबी द्या गं. गाळून द्या, लय गढूळ बोलायलेत."

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. मी गेलो, सगळं कबूल केलं.

"मला काय सांगायलाव? म्या बघितलंय. माझ्या कानात सांगून हलकं व्हायचंय व्हय? न्हाई होऊ देत. चारचौघांत सांगा."

"गयाबाई, माफ करा."

"न्हाई करत."

आठवड्यानं ती गेली.

म्हणून हे लिहिलं. रेघा मी पुसल्या. पुसायला लावल्या दत्तरावांनी. ते अजून आहेत. गावचं वाचनालय त्यांच्याच ओसरीवर भरतं. तिथं हे मोठ्यानं वाचायला मी स्वतः जाणार आहे.