किलोच्या भावाने गाडी

आमच्या गॅरेजमध्ये एक मोटार होती, पण ती एका जागी नव्हती.

सांगाडा मधोमध विटांवर उभा होता, दरवाजे भिंतीला टेकून, दिवे चपलांच्या कपाटात आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ माझ्या देवघराच्या खणात, कापराच्या डबीशेजारी. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या श्रूजबरीतली आमच्या ओळखीची सगळी मराठी माणसं ग्रीन कार्ड, घर आणि मुलांचे व्हायोलिनचे क्लास यांच्या मागे होती. माझा नवरा अविनाश मात्र छप्पन्न सालच्या एका निळ्या, उघड्या टपाच्या गाडीच्या मागे होता. लहानपणी कोल्हापुरात त्यांच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे तशी गाडी होती आणि तिच्या चाकाच्या चकचकीत झाकणात बघून हा भांग पाडायचा. एवढ्या भांडवलावर त्याने एका शेतकऱ्याच्या कोठारातून तो सांगाडा उचलून आणला.

त्यात इंजिन नव्हतं, गिअरबॉक्स नव्हता. "ते मिळेल गं," तो म्हणायचा, आणि दर उन्हाळ्यात जुन्या गाड्यांच्या बाजारांतून जे घेऊन यायचा ते असायचं नाजूक आणि चमचमतं. गाडीच्या नावाची रुपेरी अक्षरं, काचेच्या मुठी, बॉनेटवर बसवायचा पंख पसरलेला पक्षी. (आधी चमक बघायची, आतलं मशीन नंतर, ही त्याची सवय जुनीच आहे, असं सासूबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या.)

मला त्या स्वप्नाबद्दल तक्रार नव्हती. माझी तक्रार जागेबद्दल होती. मी वूस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळच्या पाळीला जायचे, आणि हिवाळ्यात माझी लांबलचक सेकंडहँड गाडी रात्रभर बाहेर बर्फात उभी असायची. पहाटे अंधारात काचेवरचा बर्फ खरवडताना मी जे बोलायचे ते देवघराच्या खणातलं घड्याळ सोडून सगळ्यांना ऐकू जायचं. शिवाय गाडी मागच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे हॉस्पिटलच्या टेकडीवर ती पुढे कमी आणि आडवी जास्त जायची. मला उशीर व्हायचा. शेवटी सुपरवायझर कॅरलने मला बाजूला घेतलं आणि फार गोड आवाजात सांगितलं की या हिवाळ्यातही असंच झालं, तर तिला माझ्या जागी दुसरं कोणीतरी बघावं लागेल.

अविनाशला मी हे सांगितलं तेव्हा तो उठून गॅरेजमध्ये एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "जाऊ दे. इंजिन काही मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये सीझनचा शेवटचा बाजार आहे, तिथे सुटे भाग सगळे विकून टाकू, सांगाडा मग कोणीतरी घरून घेऊन जाईल. गॅरेज तुझं."

मला एकदम भरून आलं. पण मी लगेच सावरले, कारण विक्रीचा प्रश्न आला की मला माझं कूळ आठवतं. मी बार्शीच्या भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी. अविनाशला विकायला बसवणं म्हणजे बोक्याला दूध विकायला बसवण्यासारखं होतं. त्याला आधी त्याच मालाच्या प्रेमात पडायचं असतं. वर गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी तो खोट दाखवतो.

"तू फक्त तुझी व्हॅन चालव," मी म्हटलं. "बाकी माझ्यावर सोड."

बाजार तासाभराच्या अंतरावर, एका जत्रेच्या मैदानात होता. आम्ही पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. मैदानभर धुकं पसरलं होतं आणि त्या धुक्यातून म्हातारी माणसं हातात टॉर्च घेऊन, एकमेकांशी न बोलता, हळूहळू हिंडत होती. टेबलांवर, सतरंज्यांवर, ओल्या गवतावर गाड्यांचे अवयव मांडलेले होते. कुठून तरी बेकनचा वास, कुठून तरी कॉफीचा. मग सूर्य झाडांच्या वर आला, धुकं विरळ झालं आणि मैदानभर क्रोम एकदम लखलखायला लागलं. धनत्रयोदशीला बाबांच्या दुकानाची फळी उघडल्यावर आतली भांडी अशीच उजळायची. मी तिथे हातात चादर घेऊन उभीच राहिले. अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली होती, पण माहेरी आल्यासारखं मला पहिल्यांदा वाटलं. पुढे जे झालं त्याला त्या धुक्याचा मोठा हात होता, असं मी अजूनही सगळ्यांना सांगते.

माल मांडल्यावर मी अविनाशचं पाकीट काढून घेतलं आणि त्याला फिरायला पिटाळलं. पाकीट अशासाठी की तो विकायला येऊन विकत घेऊन जाणाऱ्यांतला. तो जाताना एवढंच म्हणाला, "घड्याळ शेवटी विक हं."

आणि पहिलं गिऱ्हाईक घड्याळाचंच आलं. उंच, वाकलेले, शेतकऱ्याच्या डगल्यातले एक आजोबा. त्यांनी आपलं नाव वॉल्टर सांगितलं, घड्याळ कानाशी धरलं आणि डोळे मिटले. ते चालत नव्हतं, तरी त्यांना काहीतरी ऐकू येत असावं. मग त्यांनी सांगितलं की पैसे तर नाहीत, पण याच्या बदल्यात ते काहीतरी देतील. इथे असंच चालतं म्हणे, वस्तूला वस्तू.

आता दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. बाबा म्हणायचे, भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं की दिवसभर माश्या मारायच्या. शिवाय वस्तूला वस्तू म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको होतं. आमच्या दुकानात बायका फुटकी घागर, चेपलेली परात घेऊन यायच्या, ती मोड आम्ही वजन करून घ्यायचो आणि नवीन भांडं द्यायचो. माझं लहानपण त्या तराजूशेजारी गेलं होतं.

"ओके," मी म्हटलं. "पण आमच्याकडे वजनावर घेतात."

व्हॅनमध्ये हुकाचा काटा होताच. भारतात जाताना बॅगा तोलायला प्रत्येक मराठी घरात असतो तोच. वॉल्टरआजोबांनी इंजिनच्या मागे बसणारं एक जाडजूड लोखंडी चाक आणलं. आम्ही दोघांनी मिळून ते काट्याला लटकवलं. घड्याळ अर्धा किलोसुद्धा भरलं नव्हतं आणि चाक जवळजवळ पंधरा किलो! इतका घसघशीत नफा बाबांनी एका फटक्यात कधी पाहिला नसेल. भवानी कपाळाला लावायची असते, पण चाक मला उचलेना, म्हणून मीच खाली वाकून त्याला कपाळ टेकवलं. आजोबांनी गंभीरपणे टोपी काढली. माझ्या कपाळावर ग्रीसचा जो काळा टिळा उमटला, तो दिवसभर तसाच होता आणि कोणीही मला सांगितलं नाही. त्यांना वाटलं, आमच्यात असतं.

बातमी मैदानात पसरली. लोक येत गेले. मी काट्याचा नियम सांगायचे: जुना, गंजका माल आमच्या मालाच्या निदान दुप्पट वजनाचा पाहिजे. मला वाटलं, घासाघीस होईल. पण अमेरिकन माणूस किती सरळ! एकानेही हुज्जत घातली नाही. उलट काही जण आपणहून तिप्पट, चौपट देत होते आणि थँक्यू म्हणत होते. शेजारच्या टेबलाशी डोना नावाची बाई लोकर विणत बसली होती. तिने दोनदा माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि पुन्हा सुईकडे वळली.

मला मात्र चढत गेलं. उन्हाची ऊब, गवताचा वास, कोणाच्या तरी रेडिओवरची संथ गाणी, आणि समोर रांग. मी काटा धरायचे, पारडं बघितल्यासारखे डोळे बारीक करायचे आणि मान हलवायचे. रुपेरी अक्षरं गेली, त्यांच्या बदल्यात सिलिंडरचं डोकं आलं. काचेच्या मुठी गेल्या, एक मणभर गिअरबॉक्स आला, तो दोघांनी हातगाडीवरून आणला. पंखवाल्या पक्ष्यासाठी एक तरुण माणूस फार काकुळतीला आला होता. त्याच्याकडे गाडीचं काहीच नव्हतं, पण पिकअपमध्ये ट्रॅक्टरच्या नाकाला लावायचे ओतीव लोखंडाचे तीन ठोकळे होते. त्यांचा उपयोग काय, असं मी विचारलं.

"वजन," तो म्हणाला.

जगात ज्या वस्तूचं काम फक्त वजन असणं एवढंच आहे, ती मला मिळत होती. मी वर चाकाची दोन झाकणं त्याला तशीच देऊन टाकली, आनंदाने.

दुपारी अविनाश परत आला. बिचारा हात हलवत आला होता, दिवसभरात एक स्क्रूसुद्धा त्याने घेतला नव्हता. समोर बघून तो थांबला. आमच्या टेबलावर काहीच नव्हतं. टेबलामागे, टेबलाखाली आणि डोनाच्या खुर्चीपर्यंत लोखंडाचा डोंगर होता आणि त्यापुढे मी, कपाळाला टिळा लावून, हातात काटा धरून.

"सगळं गेलं," मी अभिमानाने म्हटलं.

"आणि हे काय आलं?"

"मोड."

त्याने एकेक वस्तूकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याचा आवाज फार हळू होता. "सुनंदा, अगं, तो पक्षी मिळायला मला चार उन्हाळे लागले. आणि हे लोक हे सगळं भंगारात टाकायला पैसे देतात."

तेव्हा माझ्या डोक्यातलं धुकं विरलं. घागर आणि मोड दोन्ही एकाच पितळेची असतात, म्हणून तराजू खरं बोलतो. पक्षी आणि ट्रॅक्टरचा ठोकळा तोलले की तो फक्त जड काय ते सांगतो. इतकं साधं गणित बार्शीत मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण बार्शीत कोणी पक्षी आणला नव्हता. मी खुर्चीत बसले. ज्या जागेसाठी हा सगळा खटाटोप केला, ती जागा मी स्वतः, काटा लावून, तोलून भरली होती. आणि त्याचं स्वप्नही वाटून टाकलं होतं. मला रडायला यायला लागलं.

अविनाश गवतात बसला होता. तो गिअरबॉक्सवरची माती बोटाने पुसत होता. पुसता पुसता थांबला, आडवा झाला, खालून बघितलं आणि तसाच पडून राहिला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"हा आपल्या गाडीचा आहे," तो आकाशाकडे बघत म्हणाला. "आपल्याच मॉडेलचा. आणि ते चाकही यालाच बसतंय बहुतेक. यार, मी इतकी वर्षं हेच शोधत होतो." मग तो हसायला लागला, इतका की डोनाचे टाके सुटले. आता त्याच्या गाडीला आतडी मिळाली होती आणि चेहरा गेला होता.

संध्याकाळी आम्ही परत निघालो. मागे इतका भार होता की व्हॅनचं नाक वर उचललं गेलं. समोरच्या काचेतून रस्ता जेमतेम दिसत होता, बाकी नुसतं आकाश आणि लाल-पिवळी झाडं. अविनाश अगदी हळू चालवत होता. आम्ही दोघं ढगांत चाललो आहोत असं वाटत होतं, आणि मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "आता इंजिन तेवढं मिळालं की झालं." भांडायला काही मुद्दाच उरला नव्हता.

गॅरेजचा दरवाजा त्या वर्षी नीट लागलासुद्धा नाही. नोव्हेंबर संपायच्या आत बर्फ आला. पहिल्याच सकाळी मी हातात खरवडणी घेऊन बाहेर गेले, तर माझी काच आधीच साफ होती आणि अविनाश स्वेटरवर स्वेटर घालून गाडीच्या डिकीशी वाकला होता. ट्रॅक्टरचे तीनही ठोकळे त्याने आत मांडले होते, बरोबर मागच्या चाकांच्या वर. "जा आता," तो धापा टाकत म्हणाला. "या वजनाने ती घसरणार नाही."

हॉस्पिटलच्या टेकडीखाली त्या दिवशी गाड्यांची रांग लागली होती. कोणी आडवं, कोणी उलटं. माझी गाडी मात्र बैलासारखी, मान खाली घालून, सरळ चढायला लागली. अर्ध्या चढावर कॅरल आपली घसरलेली गाडी सोडून, बॅग सांभाळत पायी चालली होती. मी थांबले. तिने बॅग ठेवायला डिकी उघडली, आणि बराच वेळ ती डिकीमागून बाहेरच आली नाही.

"सुनंदा," तिने विचारलं, "डिकीत हे काय आहे?"

"प्रॉफिट," मी म्हटलं. "बस लवकर, उशीर होईल."