बरी न झालेल्या बाईची साक्ष

"दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत. आता गोळ्यांवर भागणार नाही, डायलिसिस सुरू करावं लागेल," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो रविवारच्या चहाचा. उपासनेनंतर मंडळीला चहा द्यायचं काम माझ्याकडे होतं. आता ते एवढं मोठं पातेलं कोण उचलणार? माणसाचं डोकं अशा वेळी असंच चालतं. तुमच्यावर हा प्रसंग आला तर स्वतःला वेडं समजू नका.

पाय बरेच दिवस सुजत होते. तोंडाला चव नव्हती, सकाळी मळमळायचं. मी ते सगळं वयावर आणि बीपीवर ढकललं होतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन नऊच्या वर निघालं, ते एकच्या आसपास हवं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. माझ्या टाकत नव्हत्या.

शेजारी माझे यजमान विलास बसले होते. ते डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "आमचा देव बरं करणारा आहे."

डॉक्टर म्हणाले, "फार छान. पण ॲडमिट आजच करा."

मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात माझ्या मानेच्या शिरेत एक नळी घातली. तिला कॅथेटर म्हणतात. रक्त त्यातून मशीनमध्ये जातं, धुतलं जातं आणि परत येतं. दुखत नाही फारसं. पण नंतर असा थकवा येतो की कूस बदलायचीसुद्धा इच्छा होत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा. आमच्यासारख्यांना शहाळं चालत नाही, त्यातलं पोटॅशियम हृदयाला धोक्याचं असतं. माझ्या कॉटखाली शहाळ्यांचं दुकान झालं होतं, आणि मला दिवसाला पाणी मिळायचं मोजून चार पेले.

आम्ही मराठी प्रोटेस्टंट. आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान आहे, घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. कुणाच्या घरी काय शिजलं तेसुद्धा सगळ्यांना माहीत असतं. माझ्यासाठी त्यांनी शुक्रवारी उपवास करून प्रार्थना केली. शनिवारी माझं रक्त पुन्हा तपासलं, तर क्रिएटिनिन चारवर आलेलं. विलास तो कागद हातात धरून कॉरिडॉरमध्ये रडले. तेवढं आनंदाने रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

उपासनेत आमच्याकडे साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून चारचौघांत सांगायचं. त्या रविवारी विलास उठले आणि म्हणाले, "माझ्या बायकोला प्रभूने पूर्ण बरं केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, उपकारस्तुतीची गाणी झाली. मी वॉर्डात बिनमिठाची डाळ खात होते, तेव्हा अभिनंदनाचे फोन सुरू झाले.

सोमवारी डॉक्टरांनी समजावलं. "काका, हे मशीनने कमी केलंय, किडनीने नाही. दोन दिवस थांबा, पुन्हा चढेल." ते चढलंच.

"आता लोकांना सांगून टाका," मी म्हटलं.

"काय सांगू? नवीन माणसं विश्वासात आलीयत. त्यांची वाट लागेल गं," विलास म्हणाले. "आणि देव करणारच आहे ना. आज नाही तर उद्या. आपण आधी बोललो, एवढंच."

त्यांच्यात खोटेपणा नव्हता, हे मला माहीत होतं. आपल्या तोंडून उलटं काही निघालं तर येणारं बरेपण अडून राहील, अशी त्यांना भीती वाटत होती. भांडायलाही अंगात ताकद लागते, ती माझ्यात नव्हती.

कॅथेटर कायम ठेवता येत नाही. म्हणून हातावर छोटं ऑपरेशन करून फिस्टुला करतात. म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, मग ती शीर फुगते आणि तिच्यात सुया टोचता येतात. सर्जनने विचारलं, "कुठल्या हाताने लिहिता?" मी डावखुरी, म्हणून फिस्टुला उजव्या हातात झाला. ज्यांचा होईल त्यांनी लक्षात ठेवा, त्या हातावर बीपी मोजू द्यायचं नाही, त्या हाताने जड उचलायचं नाही. आणि रोज सकाळी त्यावर बोट ठेवून बघायचं. आत फरफर लागली म्हणजे फिस्टुला चालू आहे.

मानेतली नळी निघेपर्यंत मी आराम करते आहे असं सांगून भागलं. त्यानंतर मंडळीत जावंच लागलं. मे महिन्याच्या उकाड्यात मी लांब बाह्यांचा ब्लाउज घालून बसायचे, उजव्या हातावर पदर. बायका म्हणायच्या, "किती छान दिसतेस गं, चेहऱ्यावर तेज आलंय." ते तेज नव्हतं, सूज होती. लोक माझ्याकडे बघून देवाचे आभार मानायचे आणि मला उठून पळून जावंसं वाटायचं. आजारापेक्षा या बरं असण्याने मला जास्त दमवलं.

उपासना संपली की दारात एकमेकांचा हात हातात घेऊन 'सलाम' म्हणायची आमची पद्धत आहे. मी ती कशीबशी चुकवायचे. हातात पुस्तकं धरायची, खोकल्याचं निमित्त करायचं. पण मार्थाबाई नावाच्या आमच्या एक म्हाताऱ्या आजी आहेत. त्यांना दिसतं कमी, आणि त्या एकदा धरलेला हात सोडत नाहीत. एका रविवारी त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत पकडला. अंगठा नेमका मनगटावर.

"अगो बाय, ह्या हातात काय फरफरतंय?"

विलास शेजारीच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चपलांकडे बघत होते.

"मशीनसाठी केलंय, आजी. आठवड्यातून तीनदा रक्त धुवावं लागतं."

"अजून?"

"अजून. बहुतेक कायमचं."

"मग विलास तेव्हा उठून बोलला ते?"

"त्यांना तेव्हा तसंच वाटलं होतं," मी म्हटलं. आजींनी हात सोडला नाही. त्या ती फरफर बोटाने चाचपत राहिल्या.

घरी आल्यावर मी विलासना सांगितलं, पुढच्या रविवारी मी साक्ष देणार. ते म्हणाले, "माझी इज्जत जाईल त्याचं काही नाही. देवाची जाईल." मला रडू आलं, रागही आला. मी म्हटलं, "अहो, मेलेल्यातून उठल्यावरसुद्धा प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. ते त्याने झाकले नाहीत, शिष्यांना दाखवले. मग मीच का झाकू?" हे मला डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या सुचलं होतं, आणि तेव्हापासून मनाला धीर होता.

रविवारी मी बाही कोपरापर्यंत वर करून उभी राहिले. मी म्हटलं, "मी बरी झालेली नाही. माझ्या यजमानांनी सांगितलं ते प्रेमापोटी सांगितलं. किडनी द्यायला घरात कुणी जुळलं नाही. उद्या मी पुन्हा मशीनवर जाणार आहे. मला फार थकवा येतो, काही दिवस प्रार्थनाही सुचत नाही. पण त्या खुर्चीत मी एकटी असते असं मला एकदाही वाटलेलं नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखा विजय एवढाच आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतला एक जण उठून बाहेर गेला. एका बाईने नंतर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, मनात काही लपलेलं पाप आहे का. होतं ते आत्ताच सांगून झालं, असं म्हणावंसं वाटलं. विलास शेवटच्या बाकावर बसून होते. परतीच्या रिक्षात ते बाहेर रस्त्याकडे बघत होते आणि मला खरंच वाटलं, मी नवरा गमावला.

डायलिसिस सेंटर भांडुपला आहे. विलास मला नेहमी दारापर्यंत सोडायचे आणि चार तासांनी न्यायला यायचे. रक्त नळीतून फिरताना बघणं त्यांना जमत नसे. त्या सोमवारी मी खुर्चीत बसले, सिस्टरने सुया टोचल्या, मशीन सुरू झालं. डोळे उघडले तर विलास स्टूल ओढून शेजारी बसलेले. चेहरा पांढराफटक. ते नळीकडे बघत होते, आणि मान फिरवत नव्हते.

"बाहेर बसा, चक्कर येईल तुम्हाला," मी म्हटलं.

"आली तर येऊ दे. इथे डॉक्टर आहेत ना."

मग त्यांनी माझा डावा हात धरला आणि डोळे मिटले. माझ्या बरेपणासाठी त्यांनी किती मोठमोठ्या प्रार्थना केल्या होत्या, मी त्या सगळ्यांना मान डोलावली होती. त्या दिवशी ते म्हणाले, "प्रभू, हिचे आजचे चार तास सोपे जाऊ दे. आणि मला इथे बसून राहायचं बळ दे."

मी आमेन म्हटलं. पलीकडच्या खुर्चीतल्या मावशींनी दचकून पाहिलं, इतकं मोठ्याने.