परमुलखातलं गाऱ्हाणं

कॅनडाहून परत आल्यापासून कांदिवलीत जो भेटतो तो एकच विचारतो, "काय गं, तिकडे बरं की इकडे?" जिन्यात विचारतात, भाजीच्या गाडीपाशी विचारतात. मी म्हणते, दोन्हीकडे बरं. खरं सांगायचं तर मला तिकडेच राहायचं होतं. आमच्या ह्यांना ते माहीत आहे, म्हणून हा प्रश्न आला की हे तरातरा पुढे चालायला लागतात.

आमचा एकुलता एक मुलगा, सून आणि नात तिकडे असतात. मुंबईत तो कामावरून यायचा तो पिळलेल्या फडक्यासारखा होऊन. तिकडे पाचला घरात! पोरीला सायकल शिकवतो, कांदा चिरतो, भांडी घासतो. इथे असताना साहेबांनी पाण्याचा पेला कधी स्वतःच्या हातानं घेतला नव्हता. मला तर सुनेची दृष्ट काढावीशी वाटली. आम्ही तिकडे असतानाच त्याने नवं घर घेतलं, तेही मुद्दाम तळमजल्यावर झोपायची खोली असलेलं, माझ्या गुडघ्यांसाठी. इथे आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बिल्डिंग पाडून टॉवर होणार हे ऐकून ऐकून कान किटलेत. "आई, आता इथेच राहा गं," तो म्हणाला. "कागदपत्रांचं मी बघतो ना." नात माझ्याच कुशीत झोपायची. मला आणखी काय हवं होतं?

पण हे वाळत चालले होते. मासळीबाजारात कोळणीशी हुज्जत घातल्याशिवाय ज्यांचा रविवार उजाडत नाही, ते तिथल्या दुकानात गोठवलेल्या माशांचं पाकीट उलटसुलट करून बघायचे आणि गपचूप टोपलीत टाकायचे. गाडी चालवता येत नाही, म्हणजे साधं केस कापायला जायचं तरी मुलाला विचारा. "मी माणूस आहे की पार्सल?" असं एकदा मला म्हणाले, तेही हळू आवाजात. आमच्या घरात हळू आवाज हा आजार समजतात. मला सगळं दिसत होतं, तरी मी मनाला सांगायचे की रुळतील. मुलाशी मात्र हे त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. एवढ्या हौसेने खोली लावणाऱ्या पोराला तोंडावर नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

नव्या घरात पाऊल टाकलं त्या सकाळी मुलाने नारळ आणून ह्यांच्या हातात दिला. "बाबा, गाऱ्हाणं घाल." आम्ही मालवणकडचे. शुभकार्य असलं की घरातला वडीलधारा नारळ धरून देवाला मोठ्याने सांगतो, काय दे आणि काय टाळ. प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. एकदा तसं म्हटलं की आमच्या घरात त्यावर वाद होत नाही.

"बा देवा महाराजा! माझ्या झिलान ह्या परमुलखात घर घेतल्यान, तेका यश दे रे महाराजा!" किती दिवसांनी तो खणखणीत आवाज ऐकला.

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. नात तर ओरडलीच.

"सुनेक, नातीक बरां आयुष्य दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मग हे थांबले. "आणि आमी दोघां म्हातारी आता आमच्या घराक परत जातंव. आमका थंय सुखरूप पोचव रे महाराजा!"

ओरडायला तोंड उघडलेली नात आमच्या तोंडांकडे बघत राहिली. मला असा राग आला! मला न विचारता माझ्याही वाटणीचं मागून मोकळे झाले होते. पण हातात नारळ घेतलेल्या माणसाला अडवणार कसं? हे डोळे मिटून उत्तराची वाट बघत उभे होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी मुलगाच म्हणाला, "व्हय महाराजा." त्याच्यामागून सून म्हणाली आणि मग मी.

मागच्या दाराच्या सिमेंटच्या पायरीवर ह्यांनी नारळ फोडला. मुलाने खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. माझ्या हातावर तुकडा ठेवताना त्याने विचारलं, "आई, तिकिटं कधीची काढू?"

मला वाटलं होतं, हा भांडेल, बापावर ओरडेल, निदान दोन दिवस अबोला तरी धरेल. तसलं काही नाही. शब्दाबाहेर न जाणारा मुलगा म्हणून जन्मभर चारचौघांत त्याचं कौतुक केलं मी. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, एवढा गुणी निपजला नसता तर बरं झालं असतं.