पंक्चर काढणाऱ्यांचा वर्ग

६ जुलै. पहाटेपासून भुरभुर, वारा नाही.

मंडपवाल्याची डायरी हवेपासूनच सुरू होते. नेरला माझं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. आभाळ कसं, वारा किती, हे लिहून ठेवायची सवय त्यातूनच लागली. गेल्या वर्षी मात्र हवेच्या ओळीखाली किस्सेच जास्त जमले. कारण बावन्नाव्या वर्षी मी यवतमाळला कला व्यवस्थापनाच्या वर्गात जाऊन बसलो. एवढी वर्षं मंडप टाकले, आत काय चालतं ते कधी धड पाहिलंच नव्हतं! किस्से ओल्या ताडपत्रीसारखे असतात. वेळेवर उलगडले नाहीत तर एकमेकांना चिकटतात. आज काम बंद आहे, म्हणून उलगडतो.

* * *

प्रवेशाच्या दिवशी ऑफिसातला बाबू म्हणाला, "काका, पोराले आणा ना सोबत. सही त्याची लागते."

"पोरगा मीच आहो," मी म्हणालो.

तो उठला. स्वतःची खुर्ची माझ्यापुढे केली. "बसा. तुमी शिकून राह्यले, म्हणजे घरी बायको आता मलेही वर्गात बसवते!"

* * *

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात गृहपाठ दिला: आपण काय शिकतो ते घरी एका वाक्यात समजावून या.

पांढरकवड्याच्या नसरीनचे वडील टायरचं दुकान चालवतात. ती म्हणाली, "अब्बांनी माझं ऐकलं आणि म्हणाले, 'मतलब गाडी दुसरा चलाएगा, पंक्चर तू निकालेगी!'"

मॅडम हसल्या आणि ते वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं. वर्षभर कोणी पुसलं नाही.

दुसरा प्रवीण राठोड. पुसदजवळच्या बंजारा तांड्यातला हा पोरगा. चहाच्या वेळी मला म्हणाला, "काका, याडीले समजावाले गेलो." याडी म्हणजे त्याची आई. "तर ते म्हणते, 'गाणं आमचं, नाच आमचा. मंग तू काय करतं?' मले जवाबच नाही आला."

याडीनं त्याला एक वर्ष दिलं होतं. तेवढ्या वेळात तिला उत्तर मिळालं नाही, तर शिक्षण बंद आणि पुण्याला चुलतभावाच्या कंपनीत.

* * *

स्वागत-समारंभाचा सराव होता. नसरीन प्रमुख पाहुणी, प्रवीण निवेदक. प्रवीणनं पाहुण्यांची ओळख सुरू केली ती थांबेचना. शाल घेऊन उभं राहून माझा हात भरून आला.

शेवटी पाहुणीच उठली. "राठोड, माझा सत्कार घरी पाठवून दे. माझी बस जाते!"

* * *

बसवरून आठवलं. नसरीननं केळापूरच्या एका भजनी बुवांना कार्यक्रमाला बोलावलं होतं. बुवा तीनदा "येतो" म्हणाले आणि आले नाहीत. ती रडवेली झाली.

मी म्हणालो, "बाई, 'येता का' असं विचारायचं नसते. 'कोणत्या बसनं येता' विचारायचं. बस सांगितली, तर माणूस येते."

मॅडमनी हेही फळ्यावर लिहिलं, पंक्चरच्या खाली.

* * *

आता शेवटचा.

वार्षिक प्रात्यक्षिकासाठी प्रवीणनं तांड्यातल्या बायकांची लेंगी ठरवली. ही त्यांची होळीची गाणी, फेर धरून म्हणायची. म्हणणाऱ्यांत याडीही हवी होती. ती नुसतं "पाहू" म्हणाली. प्रवीण आठ दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखा फिरला. मग एका दुपारी तिचा फोन आला, "पुसदवरून सकाळची गाडी किती वाजता हाय रे?"

वर्गात नसरीननं टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी ऊन स्वच्छ, वारा बेताचा. मैदानात माझ्या दीडशे खुर्च्या, पुढे स्टेज. सगळं पुस्तकाप्रमाणे. खुर्च्या भरल्या, पहिल्या रांगेत बाहेरून आलेले परीक्षक. बायका बसमधून उतरल्या, काचा लावलेली घागरा-ओढणी सावरत आल्या आणि मैदानाच्या कडेला थबकल्या.

"प्रवीण," याडी म्हणाली, "एवढे लोक आमच्यावर कायले रुसले?"

"रुसले नाही याडी. प्रेक्षक हायेत."

"होळीत रुसलेलाच बाजूले बसते. बाकीचे फेरात येतात. एवढ्या रुसलेल्याईपुढं आमी नाही गात." ती परत बसस्टँडकडे वळली. मागोमाग सगळ्या वळल्या.

प्रवीणनं माझ्याकडे पाहिलं. मग पळत पहिल्या रांगेशी गेला आणि परीक्षकांना म्हणाला, "सर, जरा उठता का?"

ते उठले. त्यानं त्यांची खुर्ची घडी करून माझ्या हातात दिली. मग दुसरी. नसरीन धावली, मॅडम धावल्या, लोकही आपापली खुर्ची उचलू लागले. मैदान मोकळं झालं. स्टेज रिकामंच राहिलं. याडीनं परीक्षकांचा हात धरून त्यांना फेरात ओढलं आणि गाणं उचललं.

संध्याकाळी बसच्या पायरीवर चढता चढता ती वळली. "आज गाणं आमचं, नाच आमचा. तूनं काय केलं?"

"खुर्च्या काढल्या," प्रवीण म्हणाला.

"बरं केलं," याडी म्हणाली, आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

प्रेक्षकांच्या बैठक-व्यवस्थेत प्रवीणला वीसपैकी शून्य गुण मिळाले. एकूण पास. मागच्या सोमवारी त्यानं दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला.