पुराच्या रेघा

आमच्या ह्यांना तोंड आहे, पण ते फक्त जेवायला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तरी ह्यांना ‘नाही’ हा शब्द उच्चारता येतो की नाही याची मला अजून खात्री नाही. भाजीवाल्याने सडके टोमॅटो पिशवीत टाकले तर हे त्याचेच आभार मानून येतात.

नोकरी होती पाणी मोजायची. नदीवरच्या पुलाच्या खांबाला आकडे लिहिलेली एक पट्टी होती. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला ती वाचायची, पाणी कुठल्या आकड्याला आहे ते कचेरीत कळवायचं. एकतीस वर्षं हेच. माझी बहीण विचारायची, “भावोजी नेमकं करतात काय गं?” मी सांगायचे, “नदीकडे बघतात.” मग तिथे मशीन बसलं आणि पट्टी उखडून नेली. मशीन आपला आकडा आपण पाठवतं, रजा मागत नाही. ह्यांना निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते रोज दहा मिनिटं मागे पडतं.

एवढ्या नोकरीत ह्यांनी स्वतःच्या डोक्याने केलेली गोष्ट एकच. पुलाखाली काठाला दगडी भिंत आहे. दरवर्षी पुराचं पाणी जिथवर चढेल तिथे पाणी ओसरल्यावर हे लाल ऑइलपेंटने वीतभर रेघ ओढायचे आणि बाजूला साल लिहायचे. कुणी सांगितलं नव्हतं. खिडक्यांसाठी आणलेला डबा संपला की मला कळायचं, काढली वाटतं यंदाची रेघ. पण खालच्या आळीतल्या लोकांना त्याचा मोठा आधार. पाणी चढायला लागलं की कुणीतरी भिंतीपाशी जाऊन बघायचं, अमक्या सालच्या रेघेला टेकलं का? टेकलं की गाद्या, धान्य, म्हातारी माणसं सगळं वरच्या मजल्यावर. मशीनचा आकडा कचेरीत जातो. त्या लोकांना कोण फोन करतंय?

आता ही नदीकाठ मंडळी. दर रविवारी सकाळी सातला पुलापाशी जमतात. चाळीसेक माणसं, हिरव्या टोप्या, रबरी हातमोजे, गळ्यात शिट्ट्या. शिट्ट्या कशाला, नदी काय पळून जाणार आहे? प्रत्येकाच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, आणि निघाले काठावरचं प्लास्टिक वेचायला! पक्षी दिसला की एवढ्या जोरात ‘श्श’ करतात की तो बिचारा पलीकडच्या काठाला जाऊन बसतो. एखाद्या रविवारी कचरा कमी भरला तर मागच्या आठवड्याची पोती शेडमधून काढायची, ओळीत मांडायची आणि मागे उभं राहून फोटो काढायचा. मी ऐकीव सांगत नाही. ती पोती उचलून आणायला हेच असायचे.

अध्यक्ष आहेत दातांचे डॉक्टर. समोरच्याला आ करायला लावून आपण एकट्याने बोलायची सवय, ती इथेही सुटत नाही. पहिल्याच दिवशी ह्यांना म्हणाले, “काका, तुम्ही म्हणजे या नदीचा चालताबोलता इतिहास!” चालता ठीक आहे, बोलता ह्यांनी कुठे पाहिला? पण एक टोपी दिली आणि आमची स्वारी चढली हरभऱ्याच्या झाडावर. दर शनिवारी टोपी धुऊन वाळत घालायचे. मंडळी अधूनमधून शाळेच्या पोरांची नदीकाठाने सहल काढतात, तीत ह्यांना नदीची माहिती सांगायला पाच मिनिटं ठरलेली, त्यातली साडेचार डॉक्टरच खायचे. घरात सिलिंडर सरकवायला सांगितला की ह्यांची कंबर धरते, आणि तिथे लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बरी सरळ होते!

गेल्या महिन्यात एका गुरुवारी हे बैठकीहून आले ते चहा ढवळतच बसले. चहात साखर घातलीच नव्हती.

“काय झालं?”

“पुलाखालची भिंत घासायची म्हणतात. तिच्यावर चित्रं काढणार. नदी जपा म्हणून. डॉल्फिन वगैरे.”

“आपल्या नदीत डॉल्फिन?”

“आता चित्रात काय.”

“आणि रेघा?”

“जातील.”

“तुम्ही बोललात का काही?”

“रविवारी बोलतो.”

मी चांगली ओळखते ह्यांना. म्हटलं, काय बोलाल ते आत्ता माझ्यासमोर म्हणा. “डॉक्टर, बाकी काय घासायचं ते घासा, त्या रेघा तेवढ्या राहू द्या.” तीनदा म्हणून घेतलं. पहिल्यांदा डॉक्टरांच्या पुढे साहेब लावलं, दुसऱ्यांदा मध्येच खोकले, तिसऱ्यांदा जमलं. “अगं, बोलतो म्हटलं ना,” वर मलाच चिडले.

रविवारी हे सातला गेले. मला काही चैन पडेना. नऊच्या सुमाराला पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

पुलाखाली नुसता गोंधळ चालला होता. बादल्या, ब्रश, शिडी, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी. आणि आमचे हे, टोपी घालून, गुडघ्यावर बसून तारेच्या ब्रशने भिंत घासतायत! बोलायला गेलेला माणूस! माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता, मी थेट डॉक्टरांपुढे उभी राहिले.

“थांबवा हे सगळं. ह्यांच्या रेघा आहेत त्या भिंतीवर. एकतीस वर्षांच्या पुराच्या.”

गाणी बंद झाली. डॉक्टर खरंच गोंधळले. “रेघा? काका कधी बोललेच नाहीत. अहो काकू, कुठे आहेत ते दाखवा, तेवढा भाग सोडून देऊ. त्यात काय!”

मी भिंतीकडे वळले. चांगली शंभर पावलं लांब भिंत. चाळीस माणसं ब्रश धरून माझ्या बोटाकडे बघत होती, आणि बोट कुठे दाखवायचं ते मला ठाऊक नव्हतं. पुलावरून हजारदा गेले असेन, पुलाखाली चौतीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. ह्यांनीही कधी चल म्हटलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

“अहो, दाखवा ना!” मी ओरडले.

हे उठले. “घासल्या,” म्हणाले.

“सगळ्या?”

“सकाळीच. आधी त्याच घेतल्या. हे लोक पत्र्याने खरवडत होते गं. म्हटलं, दुसऱ्या कुणी खरवडण्यापेक्षा...”

मला वाटलं, ती टोपी ओढून नदीत फेकावी.

“हात्तिच्या!” डॉक्टर म्हणाले. “एवढंच ना? काका सांगतील तिथे पुन्हा ओढू. सगळ्यात मोठ्या पुराची एक ठळक काढू या. लाल रंग आहेच की. काका, कुठवर आलं होतं पाणी?”

हे भिंतीपाशी गेले. धुतलेले दगड सगळे सारखेच दिसत होते. ह्यांनी खांद्याच्या उंचीवर हात टेकवला. मग वीतभर वर नेला. दोन पावलं मागे येऊन नदीकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, पट्टी जिथे होती तिथे नुसती भोकं होती. पुन्हा पुढे जाऊन बोट वर-खाली फिरवत राहिले. डॉक्टर ब्रश बुडवून उभे. मागे कुणीतरी चहा आल्याचं सांगत होतं.

“इथे,” हे म्हणाले.

डॉक्टरांनी हातभर लांब, झोकदार रेघ ओढली. साल विचारून तेही घातलं. टाळ्या झाल्या, फोटो झाला, सगळे चहाकडे गेले.

मी जवळ गेले. हळूच विचारलं, “नक्की इथेच होती?”

हे फडक्याने बोटं पुसत राहिले. “साधारण,” म्हणाले. एकतीस वर्षं बोटाबोटाने पाणी मोजलेला माणूस, आणि म्हणतो साधारण!

खालच्या आळीतली एक बाई कडेवर लेकरू घेऊन मघापासून बघत होती. ती पुढे आली, रेघेखाली उभी राहिली, आपल्या डोक्यावर हात ठेवून उंची जोखली.

“बरं केलंत काका,” ती म्हणाली. “आधीची फार बारीक होती. आता आम्हाला घरातूनसुद्धा दिसेल.”